अब्बांची मारुती आणि पेट्रोलचा हिशेब

गाडीत पेट्रोलचा वास येतो, असं अम्मी गेल्या वर्षी रमजानच्या आधीपासून सांगत होती. आम्ही ऐकायचो आणि काच थोडी खाली करायचो. एवढी जुनी मारुती, तिला काय अत्तराचा वास येणार, हा आमचा ठरलेला विनोद.

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरची. अब्बांनी नवी घेतलेली. पाटीवर अजून पुण्याचा एमएच १२ आहे, कारण बारामतीचा एमएच ४२ तेव्हा सुरू झाला नव्हता. अब्बांच्या इंतकालाला सहा वर्षं झाली. गाडी आम्ही ठेवली ती मुख्यतः एका कामासाठी. अम्मीची थोरली बहीण, आमची खालाजान, इंदापूरला असते आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. दर रविवारी सकाळी अम्मीला बारामतीहून इंदापूरला न्यायचं, दोघी बहिणी दुपारभर बोलत बसतात, मगरिबच्या आत परत यायचं. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात.

एसटीने का नाही, असं कोणीही विचारेल. आम्हीही विचारलं होतं. महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, त्यामुळे पैशांच्या हिशेबात एसटीच जिंकते. पण अम्मीच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही. म्हणून गाडी.

ईद झाल्यावर महिन्याचा खर्च मांडला तेव्हा पेट्रोलचा आकडा सहा हजारांच्या जवळ गेलेला दिसला. त्या रात्री जेवताना ठरलं की आता दर रविवारी नको, पंधरा दिवसांनी जाऊ. अम्मी काही बोलली नाही. तिने खालाजानसाठी भरलेला शेवयांचा डबा पिशवीतून काढून पुन्हा फडताळात ठेवला. गाडी मोडीत काढायची का, हा विषयही त्याच रात्री निघाला. एवढं मात्र खरं, की गाडी किती पेट्रोल पिते हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. सगळे अंदाजाने बोलत होते.

ठाऊक होतं ते अब्बांना. कागदपत्रांच्या पिशवीत त्यांची छोटी वही सापडली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, मीटरवरचे किलोमीटर, लिटर आणि शेवटी भागाकार. २००१ सालच्या पानांवर सतरा, साडेसतरा, एकदा अठरा असे आकडे होते. म्हणजे ही गाडी तरुणपणी लिटरला सतरा किलोमीटर धावत होती. आज किती धावते, हे मोजल्याशिवाय तिला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण लोक ती अर्धवट करतात. काटा खाली आला की पाचशेचं पेट्रोल, असं भरत गेलं तर मायलेज कधीच कळत नाही. पंपावरची नळी आपोआप खटकन बंद होते, तिथपर्यंत टाकी भरायची. त्यानंतर गोल आकड्यासाठी किंवा गळ्यापर्यंत भरून घ्यायचं नाही. किलोमीटर लिहून ठेवायचे. टाकी अर्धी-पाऊण संपली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच नळीने, पुन्हा तसंच भरायचं. मधल्या किलोमीटरांना आता भरलेल्या लिटरांनी भागायचं. एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही. नळी थोडी आधी-नंतर बंद झाली तरी किलोमीटरभराचा फरक सहज पडतो, म्हणून तीन भरण्यांची सरासरी काढावी. पंपाचीच शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ते मागून मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आम्ही एकदा मागितलं. माप बरोबर निघालं आणि आम्हीच थोडे ओशाळलो.

किलोमीटरचं मीटरही तपासावं. जुन्या गाडीचं मीटर केबलवर चालतं, टायर झिजले की तेही बदलतं. रस्त्यावरच्या दहा दगडांशी आम्ही ते ताडून पाहिलं. फरक फार नव्हता.

तीन भरण्यांची सरासरी आली १०.६.

इथे आम्ही एक मूर्खपणा केला, तोही सांगायला हवा. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं एक चुंबक मिळतं. त्याने पेट्रोलचे कण म्हणे सरळ रांगेत येतात आणि मायलेज तीस टक्के वाढतं. अठराशे रुपये देऊन ते बसवलं. पुढच्या दोन भरण्यांचे आकडे १०.४ आणि १०.७. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं गेल्या काही दशकांत तपासली आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी जेमतेम फायदा दाखवला, हे आम्ही पैसे दिल्यानंतर वाचलं. चुंबक आता फ्रिजच्या दारावर किराणा मालाची यादी धरून बसलं आहे.

मग मिस्त्री शोधला. बारामतीत पियाजिओचा कारखाना, त्यामुळे तीनचाकीची नस ओळखणारे हात भरपूर आहेत. कार्बोरेटरच्या कारला हात लावणारे आता कमी. नव्या मुलांना लॅपटॉप जोडायला जागा हवी असते आणि आमच्या गाडीत ती नाही. शेवटी अब्बांच्या ओळखीतले एक वयस्क उस्ताद भेटले. आम्ही मायलेजचं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी बॉनेट उघडलं, वाकले आणि विचारलं, “भाई, वास कधीपासून येतोय?”

अम्मी मागच्या सीटवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, “यांना विचारा.”

पेट्रोलची रबरी नळी कार्बोरेटरच्या तोंडाशी फुगून मऊ झाली होती आणि तिला बारीक चिरा पडल्या होत्या. इंजिन चालू असताना तिथून पेट्रोल झिरपत होतं. खाली हातभर अंतरावर एक्झॉस्टचा तापलेला पाइप. उस्तादांनी रागावून नाही, पण थांबून थांबून समजावलं की ही मायलेजची गोष्ट नव्हे, ही गाडी पेटायची गोष्ट आहे. त्या गाडीत आम्ही बहात्तर वर्षांच्या बाईला दर आठवड्याला मागे बसवून नेत होतो. नळ्या आणि क्लिपा बदलायला हजार रुपयांच्या आत खर्च आला. ज्या घरात जुनी गाडी आहे आणि तिला वास येतो, त्यांनी आजच बॉनेट उघडून बघावं, बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

नळी फुगली कशाने? वय हे एक कारण. दुसरं आपल्याच शिवारातून येतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. देशाने हे प्रमाण गाठायचं लक्ष्य आधी २०३० चं ठेवलं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉलचा एक वाटा उसातून येतो, मळीपासून किंवा थेट रसापासून. सोमेश्वर, माळेगावसारख्या आपल्या कारखान्यांच्या आसवन्या तेच तयार करतात. बारामती-इंदापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा असलेला ऊस असा फिरून आपल्या टाकीत येतो. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, परदेशी तेलाची आयात तेवढी कमी होते. आमच्या नात्यातलेही दोघे-तिघे ऊस लावतात, त्यामुळे या धोरणाला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाला त्याची दुसरी बाजू माहीत हवी. १९९८ सालच्या गाडीचं रबर, वॉशर आणि गॅस्केट एवढ्या इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर हे शेवटचं फार त्रासाचं.

मायलेजही कमी होतं, आणि किती ते कागदावर काढता येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. पाच भागांतला एक भाग इथेनॉल असेल तर एकूण ऊर्जा साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीची घट सहा ते सात टक्के धरली आहे. म्हणजे अब्बांच्या वहीतल्या सतरापैकी एक-सव्वा किलोमीटर आता कोणताही मिस्त्री परत आणू शकत नाही. आमचं उद्दिष्ट त्या दिवशी सतरावरून सोळाच्या आसपास आलं. पण १०.६ आणि सोळा यांच्यात जे साडेपाच किलोमीटर हरवले होते, त्यांचं खापर उसावर फोडता येत नव्हतं. ते गाडीतच कुठेतरी होते.

त्यातले दोन उस्तादांनी पाच मिनिटांत शोधले. त्यांनी तिन्ही प्लग काढून एका फडक्यावर ओळीने ठेवले. तिन्ही काजळीने काळेकुट्ट. ज्वलन नीट होत असेल तर प्लगचं टोक फिकट विटकरी दिसतं. काळं दिसलं की पेट्रोल जास्त आणि हवा कमी. मग चोकचा खटका. थंडीत गाडी सुरू करताना आपण तो ओढतो आणि नंतर आत ढकलतो. खटका आत जात होता, पण त्याची केबल गंजून अडकली होती आणि कार्बोरेटरमधली पाकळी अर्धी मिटलेलीच राहत होती. गाडी बारा महिने चोक ओढून चालल्यासारखी चालत होती. केबल बदलली, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, फ्लोटची पातळी आणि टॅपेट बघितले. पुढची सरासरी १२.९.

हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं, कारण कागद घरातच होता. पीयूसीच्या दाखल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. आमच्या पिढीच्या पेट्रोल कारला मर्यादा तीन टक्क्यांची आहे आणि आमचा आकडा होता २.७. पास झालो म्हणून दाखला घडी करून ठेवला. खरं तर तो आकडा सांगत होता की पेट्रोल अर्धवट जळून धुराड्यातून जातंय. कामानंतर तोच आकडा १.१ आला. ज्यांच्याकडे कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी मागच्या दोन-तीन पीयूसींचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पुढचं काम घरच्या घरी झालं. रविवारी इंदापूरहून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागच्या उजव्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेला. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर ते अर्ध्या फेरीत थांबत होतं. हँडब्रेकची केबल सुटतच नव्हती, म्हणजे गाडी सगळा रस्ता ब्रेक थोडा दाबून चालत होती. हात लावताना मात्र जपून, ड्रम चांगलाच भाजतो. टायरमध्ये हवा कमी होती. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ, म्हणजे पीसीआरए, ही सरकारी संस्था सांगते की हवा पाव भागाने कमी असेल तर पेट्रोल पाच ते दहा टक्के जास्त लागतं. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. पंपापर्यंत दहा किलोमीटर जाऊन बघितली तर तापलेला टायर चुकीचा आकडा दाखवतो.

टपावर एक लोखंडी कॅरिअर होतं. अब्बांनी ते मोठ्या भावाच्या निकाहाच्या वेळी सामान न्यायला बसवलं होतं, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ते रिकामंच वारा कापत फिरत होतं. डिकीत ईदगाहला न्यायची सतरंजी, दोन रिकामे कॅन आणि कोणाचं तरी अर्धं पोतं ज्वारी निघाली. ज्वारी कोणाची हे अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट उस्तादांच्या लक्षात नंतर आली. लांबच्या प्रवासातही तापमानाचा काटा खालीच राहत होता. कोणीतरी पूर्वी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आपल्याकडे ही जुनी खोड आहे. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढतो, गाडी तापायची थांबते आणि मालक खूश होतो. पण थंड इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, तेल घट्ट राहतं, झीजही वाढते. गाडी तापत असेल तर रेडिएटर आणि पंखा बघायचा असतो. नवा थर्मोस्टॅट बसवला. हे सगळं होईपर्यंत सरासरी १५ च्या आसपास आली होती.

एवढं यश मिळाल्यावर हाव सुटली. आम्ही उस्तादांना म्हणालो, पेट्रोल अजून थोडं बारीक करा. त्यांनी नको म्हटलं, आम्ही हट्ट धरला, त्यांनी स्क्रू पाव फेरी फिरवला. दोन दिवसांत गाडी चढावर झटके देऊ लागली, अॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागू लागला, प्लग पांढरे पडले आणि मायलेज उलट घटलं. कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण आधीच थोडं पातळ झालेलं असतं. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. आमच्या गाडीत सेन्सर नाही, उस्तादांचा कान आहे. त्या कानाचं ऐकायला हवं होतं. पांढऱ्या प्लगने गाडी तशीच चालवत राहिलो असतो तर व्हॉल्व जळण्याचा खर्च आला असता.

राहिला तो आमचा पाय. बारामतीहून निघालं की काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. संत तुकाराम महाराजांची पालखीही याच वाटेने जाते. रस्ता आता रुंद झाला आहे आणि रुंद रस्त्यावर पाय आपोआप खाली जातो. आम्ही सत्तर-पंचाहत्तरने जायचो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन ऐंशीला आपली बरीच ताकद वारा ढकलण्यात घालवतं. पीसीआरए वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ च्या वेगाला ऐंशीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त मायलेज मिळू शकतं. आम्ही पंचावन्न धरला. कागदावर पन्नास किलोमीटरला बारा-चौदा मिनिटं जास्त लागतात. प्रत्यक्षात तेवढीही लागत नाहीत, कारण गळीत हंगामात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे जाणाऱ्या दुहेरी ट्रॉल्यांच्या मागे सगळेच सारखे अडकतात. पूर्वी आम्ही ट्रॉलीपर्यंत जोरात जाऊन ब्रेक मारायचो. आता लांबून ट्रॉली दिसली की पाय काढतो, गाडी गिअरमध्येच हळू होऊ देतो. उतारावर गाडी न्यूट्रल करणं मात्र आम्ही बंद केलं. त्यात वाचतं थोडं आणि ताबा सुटायची भीती जास्त.

जंक्शनवरून आत वळलं की वालचंदनगर येतं. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने ते वसलं, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. पुढे फियाट आणि मग पद्मिनी तिथूनच निघाल्या. अम्मीच्या वरातीची गाडी फियाट होती आणि ती लिटरला किती धावायची हे तेव्हा कोणी विचारलं नसेल. जंक्शन आलं की अम्मी दर वेळी तो किस्सा सांगते. वेग कमी केल्यापासून तो पूर्ण ऐकू येतो.

आता गेल्या पाच भरण्यांची सरासरी १५.९ आहे. महिन्याला आमचं सुमारे सहाशे किलोमीटर चालणं होतं. १०.६ ला त्याला साडेछप्पन लिटर लागत होते, आता पावणेअडतीस लागतात. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा महिन्याला एकोणीसशेच्या आसपास वाचतात. दुरुस्तीला सगळे मिळून साडेसात हजार गेले, चुंबकाचे अठराशे वेगळे. चार महिन्यांत खर्च फिटला, चुंबक धरलं तर पाच.

गाडी कायमची ठेवायची असं मात्र आम्ही ठरवलेलं नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, आमची पाळी पुन्हा २०२८ मध्ये येईल. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क दहा हजार रुपये झालं आहे, हरित कर वेगळा. तळाच्या पत्र्याला गंज लागायला सुरुवात झाली आहे. एअरबॅग तर या गाडीने पाहिलेलीच नाही, हे मोठी सून प्रत्येक वेळी आठवण करून देते आणि तिचं चुकीचं नाही. २०२८ ला पुन्हा हिशेब मांडू.

तोवर अब्बांच्या वहीत मागची पानं कोरी होती, तिथून आम्ही पुढे लिहायला सुरुवात केली आहे. किलोमीटर आणि लिटर आम्ही लिहितो, भागाकार नातू करतो. रविवार पुन्हा दर आठवड्याचा झाला आहे. गेल्या रविवारी खालाजानने विचारलं, मध्ये दोन-तीनदा आला नाहीत ते का? अम्मीने सांगितलं, गाडी आजारी होती.